उष्णता सोसणारं अर्चिन-बीज: टाकीत सोडण्याआधी हे वाचा

आमच्या नर्सरीतून पाठवलेलं अर्चिनचं बीज, म्हणजे या गोल, काटेरी समुद्री प्राण्याची लहान पिल्लं, पोहोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "उष्णता सोसणारं वाण म्हणून घेतलं, मग मरतूक कशी?" विचारणाऱ्याचं चुकत नाही. आदल्या उन्हाळ्यात नुकसान सोसलेलं असतं म्हणूनच त्याने हे वाण मागवलेलं असतं, आणि आता टाकीच्या तळाशी काटे गळालेली पिल्लं दिसत असतात. आम्ही तीनच गोष्टी विचारतो. पिशवीतलं तापमान किती होतं? टाकीतलं किती होतं? एकातून दुसऱ्यात जायला किती वेळ दिला? उत्तर बहुतेक वेळा एकाच साच्याचं येतं: पिशवी १२ अंश, टाकी २१, पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली आणि मग बीज सोडलं.

अर्ध्या तासात ९ अंश. एवढी उडी आमच्या वाणाला झेपत नाही, आणि दुसऱ्या कोणाचं वाण घेतलंत तरी झेपणार नाही.

पिशवी तरंगत ठेवण्याची सवय माशांच्या बीजावरून आली आहे. फरक दोन-तीन अंशांचा असेल तर तिथे ती चालून जाते. अर्चिनसाठी मात्र हीच सवय घात करते, कारण तरंगणारी पिशवी तापमान सारखं करते खरी, पण किती वेगाने करायचं हे तुमच्या हातात राहत नाही.

वाणाकडून पिल्लाला मिळते ती कुवत. सवय प्रत्येक पिल्लाला नव्याने लागावी लागते. पाणी तापलं की पेशींमधली प्रथिनं आपला आकार सोडू लागतात. त्यांना सावरून धरणारी वेगळी प्रथिनं असतात. त्यांना उष्णताघात प्रथिनं म्हणतात आणि त्यांतलं एचएसपी ७० सर्वांत परिचित आहे. ही प्रथिनं पेशीला तयार करावी लागतात आणि त्यात काही तास जातात. पेशीच्या आवरणातले स्निग्ध पदार्थ उबदार पाण्याला साजेसे व्हायला तर कित्येक दिवस लागतात. त्यात प्रवासाने पिल्लू आधीच थकलेलं असतं. निवडीतून आलेलं वाण ही तयारी अधिक चांगली करतं, पण त्याला तेवढी सवड मिळायला हवी.

एकदा आमच्याच नर्सरीत रात्री एका टाकीचा चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र, बंद पडला. संध्याकाळी १४ अंशांवर असलेलं पाणी सकाळी २२ वर होतं. शेजारच्या टाकीत त्याच कुटुंबातली, एकाच आई-बापाची भावंडं होती, आणि ती आम्ही नऊ दिवसांत हळूहळू २३ अंशांवर नेली होती. ती केल्पच्या, म्हणजे त्यांचं खाद्य असलेल्या मोठ्या समुद्री शेवाळाच्या, पानांना घट्ट धरून खात होती, पान उचललं तर पानाबरोबर वर येत होती. चिलर बंद पडलेल्या टाकीतली भावंडं भिंतीवरून सुटून तळाशी पडली होती, काटे आडवे झाले होते, नळीपाय, म्हणजे पकड घेणारे बारीक नळ्यांसारखे पाय, आत ओढलेले. वाण एक, टाक्यांचं पाणीही जवळजवळ सारखंच गरम. फरक होता तो फक्त तिथवर पोहोचायला मिळालेल्या वेळाचा. त्या दिवसापासून प्रत्येक पेटीवर तापमान लिहिलेली चिठ्ठी लावल्याशिवाय आम्ही बीज बाहेर काढत नाही.

तेव्हा करायचं एवढंच: पिशवीला टाकीच्या तापमानाला आणू नका, टाकी पिशवीच्या तापमानाला आणा. पेटीवरच्या चिठ्ठीत आकडा असतो, तरी पिशवी उघडल्या उघडल्या स्वतः तापमापक घालून बघा. स्वीकारायची टाकी त्या आकड्याच्या एका अंशाच्या आत आणून ठेवलेली असावी. मग दिवसाला एक अंश, याहून जास्त नाही. १२ वरून २१ वर जायला नऊ दिवस लागतात, आणि ते नऊ दिवस तुमचे वाया जात नाहीत. घाईने सोडलेली खेप गेली तर पुढच्या खेपेची वाट बघण्यात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. क्षारताही जुळवून घ्या. अर्चिनला अंगातल्या मिठाचं प्रमाण राखता येत नाही, बाहेरचं पाणी जसं तसंच आतलं होतं.

पहिले दोन दिवस खाद्य देऊ नका. पिल्लं चिकटून फिरू लागली की केल्पचा लहान तुकडा टाका आणि दुसऱ्या दिवशी उरलेला काढून घ्या. पाणी तापल्यावर "अशक्तपणा येऊ नये" म्हणून भरपूर पाला टाकणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत. तो पाला सडतो आणि नेमका तेव्हाच ऑक्सिजन कमी पडतो. ३५ क्षारतेच्या, म्हणजे किलोमागे ३५ ग्रॅम मीठ असलेल्या, पाण्यात १५ अंशांना लिटरमागे साधारण ८.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना ६.७ च्या आसपास. पाणी तापलं की प्राण्याची गरज मात्र वाढते. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं रंगद्रव्य असतं, तसं अर्चिनच्या अंगातल्या द्रवात नसतं. पाण्यात कमी झालं की त्याला लगेच कमी पडतं. तापमान वाढवण्याच्या दिवसांत हवेचा पंप एकाऐवजी दोन चालू द्या.

पिल्लं ठीक आहेत की नाहीत हे बघायला यंत्र लागत नाही. टाकीतली पाच-सहा पिल्लं पाण्यातच हलक्या हाताने उलटी करा, तोंड वर येईल अशी, आणि घड्याळ लावा. तब्येतीने चांगलं पिल्लू आधी एका बाजूचे नळीपाय लांबवून तळ चाचपतं, पकड मिळाली की काट्यांनी स्वतःला रेटतं आणि सुलटं होतं. आमच्या नर्सरीत बहुतेकांना यासाठी एक-दोन मिनिटं पुरतात. पाच मिनिटांनीही नळीपाय बाहेर येत नसतील तर तापमान वाढवणं थांबवा, दोन दिवस आहे तिथेच ठेवा. ही तपासणी रोज करून वहीत लिहिणाऱ्या ग्राहकांकडून आम्हाला तिसऱ्या दिवशीचा तो फोन जवळपास येतच नाही.

काहीजण विचारतात, मग बीज आधीच गरम पाण्यात ठेवून का पाठवत नाही? थंडीत अर्चिनचा श्वसनाचा वेग मंदावतो, पिशवीतला ऑक्सिजन जास्त वेळ पुरतो आणि विष्ठेने पाणी कमी खराब होतं. लांबचा प्रवास थंडच करायला हवा, यात आम्ही तडजोड करत नाही. पण तुमच्याकडे चिलर नसेल आणि प्रवास थोड्या तासांचा असेल, तर मागणी नोंदवतानाच सांगा. दहा दिवस आधी कळलं तर आमच्या नर्सरीत पिल्लं तुमच्या टाकीच्या जवळपासच्या तापमानापर्यंत चढवून, तिथे स्थिरावल्यावरच भरून देतो. आमच्या टाक्या त्यात अडकतात, तरी मरतुकीपेक्षा हे केव्हाही परवडतं.

आता वाणाबद्दल थोडं, कारण त्यावरही गैरसमज आहे. आमचं बीज स्ट्राँगायलोसेंट्रोटस इंटरमीडियस या जातीचं. मुळात ही जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटाजवळच्या थंड समुद्रातली. १९८९ मध्ये ती जपानमधून चीनमध्ये डालियनला नेली गेली आणि तिची शेती तिथे वाढली. उन्हाळी मरतुकीचा प्रश्नही तिच्यासोबतच आला. १५ ते २० अंशांत ती चांगली खाते, वाढते. २० च्या पुढे भूक मंदावते, आणि २३-२४ च्या वर साधं बीज टिकवणं अवघड होऊन बसतं. आमचं वाण त्या पट्ट्यात तुम्हाला जास्त दिवस काढून देतं. उष्ण पाण्यातली जात ते झालेलं नाही, आणि तसं आम्ही कधी सांगितलेलंही नाही.

निवड आम्ही कुटुंबवार करतो. प्रत्येक जोडीची पिल्लं वेगळी वाढवायची, त्यांतली काही गरम पाण्यात तपासायची, आणि ज्या कुटुंबाची पिल्लं शेवटपर्यंत पकड सोडत नाहीत त्यांची न तपासलेली भावंडं पुढच्या पिढीसाठी ठेवायची. तपासणी अळीच्या अवस्थेत करून भागत नाही, कारण गरम पाण्यात टिकलेली अळी मोठेपणीही टिकेल याची खात्री नसते. एका पिढीला दीड ते दोन वर्षं लागतात. मागणी आल्या आल्या बीज मिळत नाही, यादीत थांबावं लागतं, त्याचं कारण हेच.

आणि म्हणूनच आमच्या बीजापासून स्वतः पुढची पिढी काढू नका अशी विनंती आहे. एका पेटीत येणारी पिल्लं मोजक्या कुटुंबांतली असतात. एक मादी लाखो अंडी देते, त्यामुळे दोन-चार अर्चिनपासून अख्खी टाकी भरते आणि मोह होतो. पण बाहेरून नर-मादी ओळखू येत नाहीत, मग सख्खी भावंडं कोणती हे कसं कळणार? दोन पिढ्यांत वाढ खुंटते, आणि ज्या गुणासाठी पैसे मोजले तोही पातळ होत जातो. स्वतःची हॅचरी, म्हणजे अंड्यांपासून पिल्लं काढायची सोय, असलेल्यांसाठी नातं नसलेल्या कुटुंबांचे जनक आम्ही नोंदीसह वेगळे देतो.

मागणी नोंदवताना तुमच्या टाकीच्या किंवा पिंजऱ्याच्या गेल्या उन्हाळ्यातल्या तापमानाच्या नोंदी पाठवा, रोजचं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त. त्यावरून कोणत्या कुटुंबांचं बीज द्यायचं ते आम्ही ठरवतो. काही ठिकाणी साधं बीजही पुरतं, तसं असेल तर तेच सांगतो. मरतूक झाल्यास बदली बीज देतो, त्यासाठी पहिल्या दहा दिवसांची तापमानाची वही लागते. नोंदी घेताना तापमापक पाण्याच्या वरच्या थरात टांगू नका. पिल्लं जिथे बसतात, तिथे तळाशी ठेवा.