बारा-एकसष्टचं गणित

निफाड किंवा तासगाव भागातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात द्राक्षहंगामात अर्धा तास उभं राहा. ‘बारा-एकसष्टच्या दोन बॅगा द्या’, ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस आलं का?’, ‘शून्य-बावन्न-चौतीस कितीला?’ खताचं नाव क्वचितच कानावर पडतं, सगळा व्यवहार आकड्यांत. हे आकडे कुणा कंपनीच्या डोक्यातून आलेले नाहीत. ते खतातल्या नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियमचे टक्के आहेत, याच क्रमाने. ते निघतात रेणुसूत्रातून, आणि ती सूत्रं शाळेतल्या संयुक्त मूलकांची आहेत. तीच यादी, जी पाठ करता करता अनेकांचा रसायनशास्त्राशी काडीमोड झाला.

संयुक्त मूलक म्हणजे अणूंचा असा गट, जो एकच आयन, म्हणजे प्रभार असलेला कण, म्हणून वावरतो. नायट्रेटमध्ये नायट्रोजनचा १ अणू आणि ऑक्सिजनचे ३, आणि त्या सगळ्यांवर मिळून १ ऋण प्रभार. सातबाऱ्यावर सामाईक नाव असावं तसा तो सगळ्यांचा. वाटणी झालेली नाही. खत पाण्यात विरघळलं की पोटॅशियम आणि नायट्रेट एकमेकांपासून सुटतात, पण नायट्रेट स्वतः फुटत नाही. सल्फेट आणि कार्बोनेटवर २ ऋण प्रभार असतात, फॉस्फेटवर ३. रोजच्या वापरातल्या संयुक्त मूलकांत धन प्रभाराचं जवळपास एकच, अमोनियम: नायट्रोजन १, हायड्रोजन ४, प्रभार १.

नाव ठेवायला एवढं पुरतं. धन आयन आधी, ऋण आयन नंतर: पोटॅशियम नायट्रेट, अमोनियम सल्फेट. कोण किती आहेत हे नाव सांगत नाही, कारण सांगायची गरजच नाही. धन आणि ऋण प्रभारांची बेरीज शून्य आली पाहिजे. पोटॅशियमवर १, नायट्रेटवर १, म्हणून केएनओ३ (संज्ञा आपण उच्चारतो तशाच इथे लिहितोय). कॅल्शियमवर मात्र २, म्हणजे त्याला नायट्रेट दोन लागणार: सीए(एनओ३)२.

या कंसाला विद्यार्थी विनाकारण घाबरतात. पुराणातल्या कंसाने बहिणीचं घर मोडलं, हा कंस घर राखतो. तो काढून टाका, मग वाचणाऱ्याला तिथे ऑक्सिजनचे ३२ अणू दिसतील! मूलक एकच असेल तर कंस लागत नाही. दोन किंवा जास्त असतील तर लागतोच.

आता बारा-एकसष्ट. फॉस्फेटला एक गोष्ट जमते: तो पाण्यातले हायड्रोजन आयन उचलून आपला प्रभार कमी करतो. एक उचलला की उरतात २, दोन उचलले की १. दोन उचललेल्या फॉस्फेटला एक अमोनियम जोडला की होतं एनएच४एच२पीओ४. वस्तुमान मोजू: नायट्रोजन १४, सहा हायड्रोजन ६, फॉस्फरस ३१, चार ऑक्सिजन ६४. बेरीज ११५. त्यात नायट्रोजन १४, म्हणजे १२ टक्के. झाले बारा! फॉस्फरस २७ टक्के भरतो, पण खतांच्या जुन्या रिवाजानुसार तो पी२ओ५ या ऑक्साइडच्या रूपात मोजतात, आणि पी२ओ५चं वजन त्यातल्या फॉस्फरसच्या २.२९ पट, म्हणून २.२९ने गुणायचं: ६१च्या किंचित वर. पोत्यात पी२ओ५ नावाचा पदार्थ औषधालाही नसतो, तरी हिशोब त्याचाच. शून्य-बावन्न-चौतीसमध्ये अमोनियमच्या जागी पोटॅशियम बसवा आणि करून बघा. पोटॅशियमही ऑक्साइडच्याच रूपात मोजायचं.

डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, त्यातलं ‘डाय’ हे दोन अमोनियमचं: (एनएच४)२एचपीओ४. शुद्ध असता तर नायट्रोजन २१ टक्के आला असता. पोत्यावर १८-४६ असतं, कारण पोत्यातला माल तेवढा शुद्ध नसतो.

नावांच्या शेपट्याही बघायला हव्यात. सल्फेटमध्ये ऑक्सिजन ४, सल्फाइटमध्ये ३, प्रभार दोघांवर सारखाच. सल्फाइडमध्ये ऑक्सिजन नाहीच, तो एकटा गंधक. ही पद्धत १७८७ साली पॅरिसमध्ये गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्तोले आणि फुर्क्रुआ या रसायनशास्त्रज्ञांनी मांडली. शेपटीत चूक झाली तर पदार्थच बदलतो. निर्यातीच्या द्राक्षपेटीत बुरशी रोखणारा कागद ठेवतात, त्यातला सोडियम मेटाबायसल्फाइट सल्फाइटच्याच गोतातला. तो हळूहळू सल्फर डायऑक्साइड सोडतो. सल्फेट ते काम करणार नाही.

सूत्राचा खरा उपयोग ठिबकच्या टाकीपाशी कळतो. कॅल्शियम नायट्रेट आणि बारा-एकसष्ट एकाच टाकीत कालवू नका, असं दुकानदार बजावतो. दोन्ही सुटीसुटी छान विरघळतात. एकत्र आली की चार आयन मोकळे फिरतात, आणि कॅल्शियमला फॉस्फेट भेटतो. पाणी किती आम्लधर्मी आहे त्यावर जोडी कशी जमेल ते ठरतं, पण शाळेतली सरळ जोडी घेऊ: एकावर २, दुसऱ्यावर ३. बेरीज शून्य व्हायला तीन कॅल्शियम, दोन फॉस्फेट: सीए३(पीओ४)२. एकाचा प्रभार ती दुसऱ्याची संख्या, या तिरकस गुणाकाराचं हे पुस्तकी उदाहरण पाण्यात विरघळत नाही. पांढरा साका बनून ते ड्रिपरच्या बारीक भोकात बसतं.

मग शेतकरी नळ्यांतून ॲसिड सोडतो. ॲसिडमधले हायड्रोजन आयन फॉस्फेट पुन्हा उचलतो, प्रभार १ वर येतो, आणि जोडी होते सीए(एच२पीओ४)२. ही विरघळते, ड्रिपर मोकळा. जॉन बेनेट लॉजने इंग्लंडमध्ये १८४२ साली पेटंट घेतलं ते याच युक्तीचं: न विरघळणाऱ्या फॉस्फेटवर सल्फ्युरिक ॲसिड ओतायचं आणि पिकाला घेता येईल असं खत करायचं. ते आजही त्याच दुकानात मिळतं, सुपर फॉस्फेट म्हणून.