ड्रिलचं बीट बदलताना
मशीन विकत घेणाऱ्या आणि भाड्यानं नेणाऱ्या ग्राहकांसाठी

'मशीन बिघडलंय' म्हणून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात परत येणाऱ्या बहुतेक ड्रिलना काहीही झालेलं नसतं. बीट, म्हणजे भोक पाडणारी पिळाची सळी, चकमध्ये (ती धरणाऱ्या तोंडात) वाकडं बसलेलं असतं, नाहीतर लोखंडाचं बीट भिंतीवर चालवलेलं असतं, नाहीतर मशीन उलटं फिरत असतं. काउंटरवर यातलं काहीही मिनिटभरात निस्तरतं. पण तेवढ्यासाठी मांजलपूर किंवा गोत्रीहून भर उन्हात इथवर यायचं, वर गाडी लावायला जागा शोधत फिरायचं, हे कुणाला परवडतं? ज्या गावात सयाजीरावांनी १८९० साली हाताचं कसब शिकवायला कलाभवन काढलं, तिथल्या माणसाला बीट बदलायला वायरमनची वाट बघावी लागू नये, असं आम्हाला वाटतं.

आधी प्लग काढा

'स्विच बंद केलाय' एवढ्यावर भागत नाही. प्लग बोर्डातून काढून हातात येईल असा समोर ठेवा. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढा. कारण असं: खटक्याच्या बाजूला एक छोटं बटण असतं. खटका दाबून ते आत ढकललं की बोट काढलं तरी मशीन चालू राहतं. लांबलचक कामाला ते सोयीचं आहे. पण काम चालू असताना लाइट गेली, बटण तसंच अडकून राहिलं आणि तुम्ही बीट बदलायला घेतलं, तर लाइट परत येताक्षणी साध्या मशीनमध्ये चक आपोआप फिरायला लागतो. त्या वेळी तुमची बोटं नेमकी चकवर असतात.

नुकतंच भोक पाडलेलं बीट चांगलंच तापलेलं असतं, ते उघड्या हातानं धरू नका. प्लग काढल्यावर फडक्यानं धरा किंवा दोन मिनिटं थांबा. मात्र मशीन फिरत असताना हातात सुती हातमोजे नकोत. दोरा बीटला गुंडाळला गेला की हातही आत ओढला जातो.

चावीचा चक

मशीनच्या तोंडाशी जो जाड गोल भाग असतो, तो चक. त्याच्या आत तीन जबडे असतात आणि कडेला दाते. चावीनं आवळायचा हा चक आर्थर जेकब्स नावाच्या अमेरिकन माणसानं १९०२ मध्ये पेटंट केला. घरगुती मशीनला तो १० किंवा १३ मिलिमीटरचा असतो, म्हणजे त्याहून जाड दांड्याचं बीट त्यात जात नाही.

चकच्या अंगावर तीन भोकं दिसतील. चावीचं टोक त्यातल्या एका भोकात घालून दाते दात्यांत बसवा. चावी घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेला फिरवली की जबडे उघडतात. एकदा सैल झालं की पुढचं हातानंच फिरतं. जुनं बीट काढा, मशीनचं तोंड जमिनीकडे करून चकवर हलकेच थापटा. आत साठलेली भुकटी किती पडते ते बघाच.

आता नवं बीट. त्याचा गुळगुळीत भाग म्हणजे दांडा, आणि पुढचा पिळाचा भाग. जबड्यांनी दांडाच धरायला हवा. पिळावर जबडे बसले तर पकड येत नाही, जोर लावताच बीट मोडतं, आणि जबड्यांच्या कडाही खराब होतात. दांडा आत टेकेपर्यंत घाला, मग केसभर बाहेर ओढा आणि चक हातानं फिरवत जबडे बीटला लागू द्या.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथेच. ३-४ मिलिमीटरचं बारीक बीट असेल तर ते तिन्ही जबड्यांच्या मधोमध न बसता दोन जबड्यांच्या फटीत जाऊन बसतं. हाताला घट्ट लागतं, म्हणून माणूस फसतो. तेव्हा चक समोरून डोळ्यांसमोर धरा आणि तिन्ही जबडे बीटला सारखे टेकलेत का बघा. एक बाजू मोकळी दिसली तर सैल करून पुन्हा बसवा. बीटला बोटांनी किंचित फिरवत फिरवत चक आवळला तर ते आपसूक मध्यावर येतं.

मग चावी, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. एका भोकात आवळून थांबू नका, तिन्ही भोकांत पाळीपाळीनं आवळा. पहिल्यात घट्ट वाटलं तरी दुसऱ्यात चावी अजून थोडी फिरते, हे करून बघितल्यावर पटेल. सोडवताना मात्र एकच भोक पुरतं.

चावी काढली का? पुन्हा बघा. चावी चकमध्येच ठेवून खटका दाबला तर ती गोळीसारखी उडते. आमच्या भाड्याच्या मशीनची चावी दोरीनं वायरला बांधलेली असते, आणि तीही प्लगच्या टोकाशी. ती वापरायची तर प्लग काढावाच लागतो, म्हणून ती जागा. गिऱ्हाइकं ती दोरी सोडून चावी खिशात घालतात आणि मग चावी हरवली म्हणून येतात. कृपया सोडू नका.

हातानं आवळायचा चक

याला चावी लागत नाही. एका हातानं मशीन धरून दुसऱ्या हातानं चकची बाही फिरवायची. बीटच्या टोकाकडून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं आवळतो, उलट दिशेनं उघडतो. काही चकना दोन कडी असतात, तिथे मागची घट्ट धरून पुढची फिरवा. शेवटी मनगटाचा एक नीट जोर द्या.

चक मुठीत धरायचा आणि खटका दाबून मोटरच्या जोरावर तो उघडायचा, ही वायरमन मंडळींची युक्ती तुम्ही पाहिली असेल. झटपट होतं, दिसायलाही ऐटबाज. ती उचलू नका. तळहाताची सालं निघतात, मनगट मुरगळतं.

बीट बसवल्यावर प्लग लावून मशीन हवेत दोन सेकंद फिरवा आणि टोकाकडे बघा. टोक एका जागी स्थिर दिसायला हवं. हवेत छोटं वर्तुळ काढत असेल तर बीट वाकडं बसलंय किंवा मुळातच वाकलंय. दोन्हीत तसंच चालवलं तर ६ चं भोक ७ चं होतं आणि गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) त्यात गोल गोल फिरत राहते.

हॅमर मशीनचं बीट

जाड काँक्रीटसाठी आमच्याकडून नेता त्या रोटरी हॅमरला जबडेच नसतात. त्याच्या बीटच्या दांड्याला खाचा असतात, 'एसडीएस प्लस' म्हणतात त्या. दांडा १० मिलिमीटरचा असतो, पुढचं बीट कितीही बारीक असलं तरी. दांडा पुसा, टोकाला ग्रीसचं बोट लावा, तोंडात घालून दाबत फिरवा. 'टक' आवाज येऊन अडकतं. मग ओढून बघा, निघायला नको. काढताना पुढची बाही मागे ओढायची आणि बीट सरळ बाहेर.

हे बीट बसल्यावरही पुढे-मागे थोडं हलतं. ते तसंच असायला हवं, मागून ठोके बसायला जागा लागते. 'बीट सैल आहे' म्हणून त्यात कापड कोंबू नका, तेही आम्ही पाहिलं आहे. गोल दांड्याचं साधं बीट यात बसत नाही. त्यासाठी वेगळा चक जोडावा लागतो, आणि तो जोडला की ठोक्याची सोय वापरायची नाही.

कुठल्या भिंतीला कुठलं बीट

भिंतीच्या बीटच्या टोकाला कार्बाइडचा चपटा तुकडा बसवलेला असतो, पिळापेक्षा किंचित रुंद. लोखंडाच्या बीटला असा तुकडा नसतो, तेच टोक धार लावून निमुळतं केलेलं असतं. हे विटेवर चालवलं की काही सेकंदांत टोक लालभडक होतं आणि बीट कायमचं जातं. लाकडाच्या बीटला मधोमध सुईसारखं टोक असतं. आकडा दांड्यावर कोरलेला असतो, पण वापरून घासला जातो. ओळखू येत नसेल तर दुकानात आणा, मोजून देतो. गिट्टीवर ६ लिहिलं असेल तर बीटही ६ चंच.

पण बडोद्यात खरा प्रश्न बीटपेक्षा भिंतीचा असतो. जुन्या वाड्यांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या, विटा मऊ. तिथे हॅमर (मशीनची ठोक्याची सोय) चालू केला तर भोकाच्या जागी खळगा पडतो आणि बशीएवढा गिलावा खाली येतो. ठोका चालू-बंद करायचा खटका हातोडीच्या चिन्हावरून ड्रिलच्या चिन्हावर आणा, आधी ४ चं भोक पाडा, मग तेच ६ किंवा ८ चं करा. नव्या फ्लॅटमधल्या हलक्या राखाडी ठोकळ्यांच्या भिंतीलाही हॅमर नको. त्याच फ्लॅटचा कॉलम किंवा बीम असेल तर साधं मशीन नुसतं कण्हत राहतं, तिथे रोटरी हॅमरच न्या. मध्येच बीट अडून घट्ट आवाज आला आणि भुकटीऐवजी चमकते कण पडायला लागले, तर सळई लागली आहे. जागा बदला. टाइल असेल तर ती पार होईपर्यंत हॅमर बंद, आणि टोक घसरू नये म्हणून खुणेवर चिकटपट्टी. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका, वायरिंग तिथूनच गेलेलं असतं.

गणपतीच्या आधी पडदे आणि तोरणांसाठी मशीन नेणाऱ्यांना एवढं पुरे. झोपाळ्याचे हूक मात्र घरच्या घरी लावू नका. छताला माणसांचं वजन टांगायचं, तेही हलतं. ते काम जाणत्या गवंड्याकडून करून घ्या, त्याला मशीन आम्ही देऊ.

अडलं तर

बीट फिरतंय पण भोक पडत नाही, भिंत नुसती काळी पडतेय: आधी दिशेचा खटका बघा. मशीन उलट्या दिशेला असतं. तो खटका मशीन पूर्ण थांबल्यावरच सरकवा.

बीट भिंतीत अडकलं तर मशीन पिरगाळून उपटू नका. उलटी दिशा देऊन हळू हळू बाहेर घ्या.

चक गच्च बसलाय, उघडतच नाही: प्लग काढून चावी भोकात बसवा आणि चावीच्या दांडीवर लाकडाच्या तुकड्यानं हलका ठोका द्या. पकडीनं चक धरून ओरबाडू नका. तरी हललं नाही तर आणा. जबड्यांच्या मागे आत एक स्क्रू असतो, बहुतेक मशीनमध्ये तो उलट्या आट्यांचा. घरी सोडवायला गेलात की तो अधिकच आवळला जातो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात आलं तेव्हा बुडालेली मशीनं काही घरांत अजून माळ्यावर आहेत. ती 'वाळली असतील' म्हणून प्लगला लावू नका, आधी उघडून तपासून घ्या. चक गंजला असेल तर आतली माती ब्रशनं काढून तेलाचे दोन थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी उघडझाप करून पुसून घ्या. एरवी चकमध्ये तेल घालू नका, भुकटी चिकटून त्याचा लगदा होतो.

भाड्याचं मशीन परत करताना बीट चकमधून काढून आणा. बीट लावलेलं मशीन पिशवीत आलं की पिशवीला भोक पडतं, आणि बीटही वाकतं. वाकलेल्या बीटचे पैसे अनामतीतून कापले जातात. झिजलेल्याचे नाही.