‘चल रे भोपळ्या’ फक्त मराठी?

चित्रमय पुस्तकात लेकीकडे निघालेली दुसऱ्या भाषेतली म्हातारी दिसली, की ‘ही आमचीच गोष्ट उचलली’ असं आपल्याकडे हमखास म्हटलं जातं. तसं नाही. बंगालीत उपेंद्रकिशोर राय यांनी १९१० च्या ‘टुनटुनिर बोई’त कुबड्या म्हातारीची अशीच गोष्ट सांगितली आणि त्या पुस्तकाची चित्रंही स्वतःच काढली. तिथली म्हातारी दुधीत बसून ‘गडगड’ करत परतते. इराणमध्येही लेकीला भेटून भोपळ्यातून घरी येणारी आजी आहे. वाटेत लांडगा, बिबट्या, सिंह. ‘तूपरोटी’ आणि ‘टुणूक टुणूक’ मात्र खास आपलं. मुलांना तिन्ही म्हाताऱ्यांची चित्रं शेजारी ठेवून दाखवा.