दाणा, वैरण आणि लढाई

सातारा-सांगलीकडच्या जुन्या गावांत देवळापुढे जरा रेंगाळलं की बहुतेक ठिकाणी एखादा वीरगळ दिसतो. शेंदूर थापलेला, अर्धा मातीत गेलेला, कधी पोरांची बसायची जागा झालेला. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस, आणि कितीतरी दगडांवर त्याच्या शेजारी दोन-चार गाई. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य. गाई कोरलेल्या असल्या की समजायचं, जनावरं वळवून न्यायला आलेल्यांशी झुंजताना हा गडी पडला. राजाने कुठला किल्ला घेतला ते या दगडांवर नसतं. गावाने लक्षात ठेवलंय ते गोठ्यावर आलेलं संकट. शेजारी बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात कोरलेली शिळा असली तर ती सतीची.

गाझा, सुदान, युक्रेनच्या बातम्या आता रोजच्याच झाल्यात. कुठलं शहर पडलं, कुणाचं क्षेपणास्त्र कुठवर गेलं, नकाशावर लाल-निळे बाण. त्या बाणांखाली माणसं रांधतात काय, जनावरांना घालतात काय, पुढच्या पेरणीचं काय करतात, हे क्वचितच कळतं. आपल्याला ते समजायला फार लांब जायची गरज नाही. औरंगजेबाच्या स्वारीत हा मुलूखच पाव शतक युद्धभूमी होता.

त्याच्याही आधीचा एक कागद इथे बघण्यासारखा आहे. कुंभार्ली घाट उतरलं की चिपळूण. तिथल्या हलवर्णच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. बहुतेकांना त्यातली ‘भाजीच्या देठाला हात लावू नका’ छापाची ओळ ऐकून माहीत असते. पत्र त्याहून खूप खोलात जातं. पावसाळ्यापुरता दाणा आणि गवत साठवलंय, ते आत्ताच वाटेल तसं उधळलंत तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी मरायला लागतील. मग तुम्ही कुणब्यांकडे वळाल. कोणी दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटी, कोणी भाजी. आणि जे कुणबी कसाबसा जीव धरून घरात राहिलेत तेही निघून जातील, कित्येक उपाशी मरतील, त्यांना वाटेल मोगल मुलखात आले त्याहून तुम्ही वाईट. हवं ते बाजारातून विकत आणा, असा हुकूम. पुढे तर रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत बारकावे.

हे पत्र महाराजांच्या थोरपणाचा दाखला म्हणून वाचलं जातं, ते बरोबरच आहे. पण त्यात युद्धाचं एक साधं गणितही आहे. सैन्य आपलं असो की परक्याचं, त्याला रोज खायला लागतं, आणि ते ज्याच्या शिवारात उतरलंय त्याच्याच कणगीतून येतं. म्हणून तर त्या काळच्या वसुलीतल्या एका बाबीचं नावच ‘घासदाणा’ होतं.

औरंगजेब १६८२ मध्ये औरंगाबादेत येऊन थडकला तो परत दिल्लीला गेलाच नाही. विजापूर १६८६ ला, गोवळकोंडा १६८७ ला बुडाला, १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, राजाराम महाराज जिंजीला गेले. त्या काळातली मोगल छावणी म्हणजे चालतं-बोलतं शहर. जेमेली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगल्याच्या छावणीत गेला होता. सांगलीहून नदीने खाली गेलं की लागणारा हा भाग. सैनिक, बाजारबुणगे, नोकरचाकर धरून पाच लाख माणसं आणि तीस मैलांचा घेर, असं त्याने लिहून ठेवलंय. आकड्यात अतिशयोक्ती धरली तरी एवढं लटांबर, त्यातले घोडे, उंट, हत्ती, बैल एका खोऱ्यात उतरल्यावर तिथल्या कडब्याचं काय होत असेल हे जनावरं पाळणाऱ्याला सांगायला नको.

१६९९ च्या हिवाळ्यात ही फौज साताऱ्याकडे वळली. तळबीडजवळचा वसंतगड नोव्हेंबरात गेला, डिसेंबरात अजिंक्यताऱ्याला वेढा पडला. बादशहाचा तळ करंजे गावात, शहजादा आज्जमचा शाहूपुरीच्या अंगाला. आज करंजे साताऱ्याचं उपनगर आहे. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी गड साडेचार महिने लढवला. वरच्यांना रसद कशी मिळत राहिली, याबद्दल आज्जमशहानेच कानाडोळा केला असं मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी ग्रँट डफ लिहितो. जवळच्या परळी किल्ल्याहून (आजचा सज्जनगड) मराठा सरदार परशुराम त्रिंबक दाणा पोचवत होते. एप्रिलमध्ये मोगलांनी सुरुंग उडवले. पहिल्याने तट आत कोसळला, दुसऱ्याने बाहेर, आणि खाली हल्ल्यासाठी उभ्या असलेल्या मोगलांपैकी सुमारे दोन हजार दगडांखाली गेले. २१ एप्रिल १७०० ला गड सोडला गेला. राजाराम महाराज तोवर सिंहगडावर वारले होते.

गडाची गोष्ट इथे संपते. पण डिसेंबर ते एप्रिल म्हणजे रब्बीचा अख्खा हंगाम. शाळू हुरड्यात येतो, काढणी होते, खळी लागतात, कडबा रचला जातो. त्या वर्षी साताऱ्याच्या पंचक्रोशीतला तो हंगाम कोणाच्या पोटात गेला असेल? पुढे परळी जूनमध्ये पडली आणि फौज भर पावसात परतीला लागली, तिची वाहतुकीची जनावरं वाटेत मेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला माणगंगेच्या काठी खवासपूरला रात्रीत पूर आला, छावणीत हाहाकार उडाला, पळापळीत खुद्द बादशहाचा पाय कायमचा अधू झाला. १७०२ ते १७०४ दख्खनवर दुष्काळ आणि रोगराई. मद्रासेत राहणाऱ्या मनुची या इटालियन प्रवाशाने या दोन-तीन वर्षांत वीस लाखांवर माणसं गेल्याचं लिहिलं. आकडा अंदाजाचाच. त्याने केलेलं मुलखाचं वर्णन मात्र डोळ्यासमोरून हलत नाही: शिवारात ना झाड ना पीक, त्यांच्या जागी माणसांची नि जनावरांची हाडं.

झाडं का नव्हती? कारण छावणीला रोज जळण लागतं. १९९२ ते १९९६ सारायेव्होला वेढा पडला होता तेव्हा लोकांनी बागांमधली, रस्त्याकडेची झाडं तोडून हिवाळे काढले. तोफांचं तंत्र बदललं, चुलीचं तेच राहिलं.

युद्धात गाव कसा मोडतो याचीही एक रीत असते. आधी दुहेरी वसुली: दिवसा मोगलांचा अंमलदार, रात्री मराठ्यांचा. पाटील-देशमुख मधल्यामध्ये. दोन्ही बाजू वतनाची आमिषं दाखवायच्या आणि एकाच वतनावर दोन-दोन सनदा निघायच्या. पुढे त्यांचे तंटे पिढ्यानपिढ्या चालले. भाऊबंदकीला लढाईने केवढं खतपाणी घातलं हा आपल्याकडे फारसा न बोलला जाणारा विषय आहे. धान्य पेवात जायचं. पेव म्हणजे जमिनीत खोदलेली, वरून तोंड लिंपून टाकलेली कोठी. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आत्ता-आत्तापर्यंत वापरात होती. जमिनीखालचं धान्य आगीतून वाचतं आणि पटकन कुणाच्या नजरेला पडत नाही. तेही संपलं की लोक परागंदा.

लढाई थांबली म्हणून माणसं आपोआप परतत नाहीत. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला, त्यानंतर मुलूख लावणीला आणणं हे फार मोठं काम होतं. त्यासाठी कौल द्यायचे: या, शेत लावा, तुम्हाला उपद्रव होणार नाही. सारा इस्ताव्याने, म्हणजे पहिल्या वर्षी नावापुरता आणि मग वर्षावर्षाने वाढत पूर्ण आकारापर्यंत. ओस पडलेलं शेत एका पावसात पिकाऊ होत नाही, बैल नसतो, बियाणं नसतं, हे त्या व्यवस्थेला कळत होतं. आजच्या पुनर्वसनाच्या कित्येक योजनांपेक्षा हे शहाणपणाचं वाटतं.

पुढच्या काळात गंमत उलटी झाली. ज्या मुलखावर फौजा येत होत्या तिथून फौजेत माणसं जायला लागली. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ मध्ये, आजच्या इराकमधल्या तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत गावात ब्रिटिश-हिंदी सैन्य तुर्कांच्या वेढ्यात अडकलं. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या आणि त्यांची भरती कोकणातून नि देशावरून. साताऱ्याच्या वेढ्यासारखाच हाही डिसेंबर ते एप्रिल. शिधा घटत घटत काही औंस पिठावर आला. घोडे, खेचरं मारून मांस वाटलं जायला लागलं, पण हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी धर्म-जातीच्या धाकाने बरेच आठवडे ते टाळलं आणि दात-हिरड्या सुजवणाऱ्या स्कर्व्हीने ते खचले. गावी परतल्यावर जातीत काय म्हणतील, ही भीती गोळीइतकीच खरी होती. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, कैद्यांची वाळवंटातून पायपीट आणि त्यात हजारो मृत्यू. पण कुतात सुमारे सहा हजार अरब रहिवासीही त्याच वेढ्यात होते. त्यांच्यातल्या काहींना इंग्रजांना मदत केल्याबद्दल तुर्कांनी नंतर फासावर चढवलं. पाटील-देशमुखांची दोन्हीकडून झाली तीच कोंडी.

साताऱ्याजवळचं अपशिंगे याच युद्धामुळे ‘अपशिंगे मिलिटरी’ झालं. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान गेले. तिथे स्मारक आहे. दर घरामागे फौजेत माणूस, ही ओळख अजून टिकून आहे. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच निघाली. अशा गावांचा अभिमान सगळेच सांगतात. मनिऑर्डरीवर चालणारं घर, एकट्या बाईच्या जिवावर होणारी पेरणी, तार घेऊन येणाऱ्या पोस्टमनला बघून अंगणात उभी राहिलेली माणसं, हे कमी सांगितलं जातं.

दुसऱ्या महायुद्धाने रणांगण इथे आणलं नाही, टंचाई आणली. धान्यावर लेव्ही, रेशन, रॉकेलसाठी रांगा, काळाबाजार. त्यातच १९४२. तासगावचा मोर्चा ३ सप्टेंबरला निघाला. ९ ला वडूजमध्ये आणि १० ला इस्लामपुरात मोर्च्यावर गोळीबार झाला. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. पोलीस भूमिगतांच्या मागे, गावांवर सामुदायिक दंड, आणि या पोकळीत दरोडेखोर, सावकारांचे गुंड माजले. येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांच्या नेतृत्वाखालचं प्रतिसरकार उभं राहिलं ते इंग्रजांविरुद्ध, पण त्याचं रोजचं काम गुंडांचा बंदोबस्त आणि न्यायदान मंडळांतून तंटे मिटवण्याचं होतं. पत्रीच्या, म्हणजे तळपायांवर मारायच्या, शिक्षेबद्दल आजही घराघरात दोन मतं ऐकू येतात, आणि ती दोन्ही ऐकून घ्यायला हवीत. राज्ययंत्रणा मागे हटली की माणसाला पहिली गरज लागते ती बांधाचा, घेण्यादेण्याचा निवाडा करणाऱ्या कोणाची तरी. अफगाणिस्तानापासून सीरियापर्यंत हेच दिसलंय, फक्त निवाडा करणारे सगळीकडे नाना पाटलांसारखे निघाले नाहीत.

त्याच वर्षांत लांबच्या युद्धातली माणसंही इकडे पोचली. रशियाने सैबेरियात नेऊन टाकलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले, आजाऱ्यांसाठी पाचगणीत त्यांचं आरोग्यकेंद्र होतं. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी आले. आज लग्नाचा बस्ता बांधायला सांगली-मिरजेहून लोक गांधीनगरला जातात, ते हेच.

नागरिकांच्या संरक्षणाचा जिनिव्हा करार १९४९ चा, आणि उपासमारीला हत्यार करू नये, पिकं, गुरं, पाणवठे नष्ट करू नयेत हे कलम १९७७ चं. शिवरायांच्या पत्रानंतर तीनशे वर्षांनी. कलम आलं तरी वेढे थांबले नाहीत. सुदानमधल्या अल-फाशेर शहराला मे २०२४ पासून वेढा होता, ऑक्टोबर २०२५ मध्ये ते पडलं. त्याआधीच्या महिन्यांत तिथली माणसं ‘अंबाझ’ खाऊन जगत होती. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरलेली पेंड, जी आपण म्हशीच्या आंबोणात घालतो. पुढे तीही मिळेनाशी झाली. जगात आज घरदार सोडावं लागलेली माणसं १२ कोटींच्या घरात आहेत.

आपल्यापर्यंत येतं ते याचं शेपूट. २०२२ मध्ये युक्रेनहून परतलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत आपल्याकडचीही मुलं होती, आणि त्याच महिन्यात सूर्यफूल तेलाचा डबा कडाडला, कारण भारताचं बहुतेक सूर्यफूल तेल तिथूनच यायचं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनमधून जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला निघालेले द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले. नाशवंत मालाला वाढलेला प्रत्येक दिवस महाग. तासगाव-पलूसच्या बागायतदाराला येमेनचा नकाशा तेव्हा पाठ झाला.

बियाण्याची एक हकिकत सांगायची राहिली. सीरियात अलेप्पोजवळ तेल हद्या इथे इकार्डा या संस्थेची बीजपेढी होती: कोरडवाहू टापूतला गहू, सातू, हरभरा, मसूर, हजारो देशी वाण. लढाई जवळ आली तसे तिथल्या शास्त्रज्ञांनी वाणांचे नमुने नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्डच्या बर्फातल्या कोठीत आणि इतरत्र पाठवून ठेवले. पुढे केंद्र हातचं गेलं. २०१५ मध्ये त्या कोठीतून पहिल्यांदाच बियाणं परत काढलं गेलं, ते इकार्डानेच. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पेरून वाढवलं आणि २०१७ पासून त्याचा वाटा पुन्हा स्वालबार्डला जमा व्हायला लागला. अलेप्पोच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी घरात राखलेलं बियाणं मात्र कुठल्याच कोठीत नव्हतं.