रात्र मोजणारा घोडा

इंग्लंडमधलं न्यूमार्केट म्हणजे शर्यतीच्या घोड्यांचं गाव. तिथे फेब्रुवारीत चांगलाच गारठा असतो. तरीही खरारा फिरवला की केसांचे पुंजके हाताला यायला लागतात. अशा थंडीत अंगावरची लोकर टाकणं हा वेडेपणाच वाटेल. पण घोडा त्यासाठी थंडीपेक्षा रात्रीच्या लांबीवर जास्त विसंबतो, आणि रात्र तर डिसेंबरपासूनच आखडू लागलेली असते.

डोळ्याच्या पडद्यावर उजेड पडतो आहे की नाही, ही खबर मेंदूतल्या पिनियल ग्रंथीपर्यंत जाते. अंधारात ही ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते. रात्र मोठी असेल तर मेलाटोनिन जास्त वेळ रक्तात राहतं. या एका निरोपावर दोन कामं चालतात. मेलाटोनिनचा अंमल कमी झाला की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि जुने केस सुटतात. दुसरीकडे, हिवाळाभर दबलेलं जीएनआरएच हे संप्रेरक मोकळं होतं आणि अंडाशय जागं होतं. मात्र ते एका झटक्यात होत नाही. बीजकोश वाढतात, जिरतात, पुन्हा वाढतात. घोडी माज दाखवते, पण बीज सुटत नाही. त्यासाठी लागणारं एलएच हे संप्रेरक सगळ्यांत शेवटी भरून येतं. मग साधारण २१ दिवसांचं चक्र सुरू होतं.

गंमत म्हणजे मेंढी हाच निरोप नेमका उलटा वाचते. रात्री लांबल्या की ती माजावर येते. तिचा गाभणकाळ ५ महिन्यांचा, घोडीचा ११ महिन्यांचा. दोघींनाही पिल्लू हवं असतं ते वसंतात, गवत कोवळं असताना.

माणसाचा हिशेब वेगळा. उत्तर गोलार्धात थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांचं वय १ जानेवारीपासून धरतात. मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू पुढे जानेवारीत जन्मलेल्याच्या बरोबरीचं मानलं जातं, आणि दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत ते चार महिने महागात पडतात. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीपासूनच घोडीच्या ठाणावर संध्याकाळी दिवे लावून तिचा दिवस १६ तासांचा करतात. पेपर वाचता येईल इतका उजेड पुरतो. निळा प्रकाश असेल तर तो एका डोळ्यावर पडला तरी चालतं. परिणाम दिसायला दोनेक महिने लागतात. पण दिव्यांचा उपयोग होतो आहे याची पहिली खूण सोनोग्राफीच्या आधी जमिनीवर दिसते: गळलेले केस.

न्यूमार्केटला डिसेंबरचा दिवस ८ तासांहून लहान, जूनचा साडेसोळा तासांहून मोठा. पुण्यात हाच फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. विषुववृत्ताजवळ तर कित्येक घोड्या वर्षभर माजावर येतात.

म्हाताऱ्या घोड्यात मात्र वेगळाच घोटाळा होऊ शकतो. पीयूषिकेच्या मधल्या भागाला लगाम घालणाऱ्या, डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या चेतापेशी झिजतात. तो भाग मग बेसुमार संप्रेरकं सोडतो आणि अंगावरची लांब, कुरळी लोकर मे-जूनमध्येही उतरत नाही. पंधरा-वीस वर्षांच्या घोड्याची अशी लोकर पाहून 'यंदा थंडी फार पडली होती' असं म्हणू नये, पशुवैद्याला बोलवावं. पर्गोलाइड नावाच्या गोळीने बऱ्याच घोड्यांचा त्रास आटोक्यात राहतो, पण ती जन्मभर द्यावी लागते.