बॉर्डर असलेल्या चौकटींची मांडणी (सीएसएस)

वेबपानावरचा प्रत्येक घटक म्हणजे ब्राउझरच्या लेखी एक आयताकृती चौकट. आतून बाहेर मजकूर, पॅडिंग (मजकूर आणि बॉर्डर यांमधली मोकळी जागा), बॉर्डर (कडेची रेघ) आणि मार्जिन (बॉर्डरबाहेरची मोकळी जागा) असे तिचे चार थर असतात. हे थर सीएसएसच्या, म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत (सीएसएस१) ठरले. चौकट हवी तिथे बसवणारा ‘पोझिशन’ हा गुणधर्म १९९८ च्या सीएसएस२ मध्ये आला.

मांडणी बिघडते ती बहुधा मोजमापात. ‘विड्थ’ म्हणजे मुळात फक्त मजकुराची रुंदी. विड्थ २०० पिक्सेल, चहूबाजूंनी पॅडिंग २० आणि बॉर्डर ५ दिली, की चौकट २५० पिक्सेल जागा अडवते. म्हणूनच ५० टक्के रुंदीच्या दोन चौकटी फ्लोट करून (एका बाजूला सरकवून) शेजारी ठेवल्या आणि त्यांना १ पिक्सेलचीही बॉर्डर दिली, तर दुसरी खालच्या ओळीत जाते. ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ लिहिले की पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीतच धरली जातात, मार्जिन तेव्हाही बाहेरच राहते. हा नियम स्टाइलशीटच्या (सीएसएस नियमांच्या फाइलच्या) सुरुवातीलाच सर्व घटकांना लावून टाकावा.

‘पोझिशन: ॲब्सोल्यूट’ दिलेल्या चौकटीचे अंतर मोजले जाते ते ‘पोझिशन’ स्टॅटिक (ही मूळची किंमत) नसलेल्या सर्वांत जवळच्या पूर्वज-घटकापासून, म्हणजे तिला सामावणाऱ्या बाहेरच्या घटकापासून. त्यासाठी बाहेरच्या चौकटीला ‘रिलेटिव्ह’ द्यावे लागते; ते राहून गेले, तर आतली चौकट थेट पानाच्या कोपऱ्यात जाऊन बसते. मोजणी बॉर्डरच्या आतल्या कडेपासून होते, हे नीट लक्षात ठेवावे. बाहेरच्या चौकटीची बॉर्डर ५ पिक्सेलची असेल, तर ‘टॉप: ०’ आणि ‘राइट: ०’ दिलेला बिल्ला (आतली छोटी ॲब्सोल्यूट चौकट) बॉर्डरला आतून टेकतो, तो बॉर्डरच्या बाहेरच्या कोपऱ्याशी जुळवायचा तर दोन्ही किमती उणे ५ पिक्सेल हव्यात. शिवाय ॲब्सोल्यूट चौकट पानाच्या प्रवाहातून (घटक एकामागून एक बसण्याच्या क्रमातून) बाहेर पडते. आत दुसरे काहीच नसले, उंची आणि पॅडिंगही दिलेले नसले, तर बाहेरच्या चौकटीची उंची शून्य होते आणि वरखालच्या बॉर्डर मिळून १० पिक्सेलची पट्टी तेवढी दिसते.

‘पोझिशन: स्टिकी’ला, म्हणजे पान सरकवताना एका जागी चिकटून राहणाऱ्या चौकटीला, ‘टॉप’सारखी किंमत लागतेच. मधल्या एखाद्या घटकावर ‘ओव्हरफ्लो: हिडन’ (बाहेर जाणारा भाग लपवणे) असेल, तर चौकट पानाबरोबर सरकत जाते आणि चिकटत नाही.

एकमेकींना खेटून असलेल्या चौकटींमध्ये बॉर्डर दुप्पट जाड दिसते. दुसरीपासून पुढे ‘मार्जिन-लेफ्ट’ उणे १ पिक्सेल द्यावे, म्हणजे १ पिक्सेलच्या बॉर्डर एकमेकींवर येतात. मात्र मग माउस नेल्यावर बॉर्डरचा रंग बदलायचा असेल, तर उजवी कड पुढच्या चौकटीखाली झाकली जाते. त्या स्थितीत ‘पोझिशन: रिलेटिव्ह’ आणि ‘झेड-इंडेक्स: १’ (कोण कोणाच्या वर, हा क्रम) द्यावे, की चारही कडा वर येतात.