वॅट आणि डेसिबल : हलके बेस कॅबिनेट घेताना होणारी गल्लत

बेस गिटारसाठी हलके कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवलेले खोके, घ्यायला निघालेला वादक दुकानात आधी वजन विचारतो आणि मग वॅट विचारतो. या दोन उत्तरांवर व्यवहार ठरतो. पुढे पहिल्याच कार्यक्रमात ड्रमरने हात जरा मोकळा सोडला की आपला बेस कुठे गेला ते कळेनासे होते, आणि ‘सहाशे वॅटचे असूनही वाजत नाही’ अशी तक्रार सुरू होते. वस्तुतः कॅबिनेट किती मोठ्याने वाजेल हे वॅटचा आकडा सांगतच नाही. ते सांगणारा आकडा त्याच माहितीपत्रकात, सेन्सिटिव्हिटी या नावाखाली, डेसिबलमध्ये दिलेला असतो आणि तो सहसा कोणी वाचत नाही.

कॅबिनेटवर लिहिलेले वॅट म्हणजे त्यातला स्पीकर सोसू शकेल ती वीज. अँपकडून, म्हणजे गिटारचा सूर वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरकडून, येणाऱ्या विजेचा अगदी थोडा भाग आवाजाच्या रूपाने बाहेर पडतो. बाकीची बहुतेक सगळी व्हॉइस कॉइलमध्ये, म्हणजे स्पीकरमधल्या तारेच्या वेटोळ्यात, उष्णता होऊन जाते, आणि ती कॉइल जळण्याआधी किती उष्णता सहन करील याची मर्यादा म्हणजे हा आकडा. हमाल किती ओझे पेलू शकतो हे कळल्याने तो किती भरभर चालेल हे कळत नाही, तसेच हे आहे. सेन्सिटिव्हिटीचा आकडा मात्र थेट आवाजाचा असतो : एक वॅट वीज दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल ऐकू येतात, ते तो सांगतो.

या दोहोंचा हिशेब एकत्र मांडला की गंमत कळते. वीज दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो; दहापट केली तर १० डेसिबलने, आणि तेव्हा कुठे तो कानाला साधारण दुप्पट वाटतो. समजा, एक कॅबिनेट ९७ डेसिबल आणि ३०० वॅटचे आहे, तर दुसरे ९४ डेसिबल आणि ६०० वॅटचे. पूर्ण वीज दिल्यास कागदावर दोन्ही जवळपास १२२ डेसिबलवर येऊन थांबतात. पण तुमचा अँपच ८ ओमवर (ओम म्हणजे कॅबिनेट विजेला करते त्या रोधाचे माप) ३०० वॅट देत असेल, तर ‘सहाशेवाले’ ११९ वरच अडकते. पहिल्याची बरोबरी करायला त्याला दुप्पट ताकदीचा अँप लागेल. शिवाय अधिक वीज म्हणजे अधिक तापलेली कॉइल. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो आणि आवाज आणखी थोडा खाली येतो, म्हणजे कागदावरची बरोबरीही तासभर वाजवल्यावर टिकत नाही.

डेसिबलच्या आकड्यातही एक मेख असते. काही कंपन्या तो एक वॅटवर न देता २.८३ व्होल्टवर देतात. एवढ्या व्होल्टला ८ ओमचे कॅबिनेट १ वॅट घेते, पण ४ ओमचे २ वॅट घेते. त्यामुळे ४ ओमच्या कॅबिनेटला कागदावर ३ डेसिबल फुकटात मिळतात. दोन कॅबिनेटांची तुलना करताना ते वजा करूनच पाहावे.

आता वजनाचा प्रश्न. कॅबिनेट हलके होण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत आणि त्यांचा डेसिबलशी संबंध अगदी वेगवेगळा आहे. फेराइटच्या जड चुंबकाऐवजी निओडिमियमचा चुंबक घातला, जाड लाकडाऐवजी पातळ प्लायवुड वापरून आतून आडवे दांडे दिले, तर किलोच्या किलो कमी होतात आणि आवाजाला त्याची झळ बसावी असे काही कारण नसते. ‘निओ म्हणजे पोकळ आवाज’ ही समजूत मला तरी निराधार वाटते. दुसरा मार्ग म्हणजे खोकेच लहान करणे, आणि इथे मात्र किंमत मोजावी लागते. स्पीकरशास्त्रात हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असे सांगतो की लहान खोके, खोल खर्ज आणि मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. लहान खोक्यातून खर्ज काढायचा तर डेसिबल सोडावे लागतात, आणि ती तूट झाकायला वॅटचा मोठा आकडा पुढे केला जातो.

त्यातही कॉइल जळण्याच्या कितीतरी आधी स्पीकरचा पडदा हार मानतो. तितकाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर पडद्याला चौपट हलावे लागते. जाळी काढून गिटारच्या सर्वांत जाड तारेवर बाराव्या फ्रेटचा ‘ई’ स्वर वाजवला तर स्पीकर हललेला डोळ्यांना जेमतेम दिसतो. तीच तार मोकळी छेडली की पडदा धापा टाकल्यासारखा आत-बाहेर होतो, आणि अँप आणखी वाढवला की आतून ‘फट् फट्’ असा आवाज येतो. तिथे त्या कॅबिनेटची मर्यादा संपली. मागच्या पट्टीवर काहीही लिहिलेले असो.

मोकळ्या ‘ई’ची मूळ कंपने सेकंदाला ४१ असतात म्हणून ४१ हर्ट्झपर्यंत सपाट, म्हणजे आवाज न घटता, जाणारेच कॅबिनेट शोधण्याचा अट्टहास मात्र नको. अँपेग कंपनीचे आठ दहा-इंची स्पीकरांचे, जवळजवळ ६४ किलोंचे प्रसिद्ध कॅबिनेट १०० डेसिबलचे आहे, पण ५८ हर्ट्झलाच ते ३ डेसिबलने उतरलेले असते. तरी त्याचा आवाज कोणाला बारीक वाटत नाही, कारण बेसचा भरदारपणा बराचसा त्यावरच्या ८२ हर्ट्झच्या स्वरांशातून येतो.

माझे मत विचाराल तर दहा-पंधरा किलोंचे, बारा इंची एका स्पीकरचे, ८ ओमचे आणि चांगल्या डेसिबलचे कॅबिनेट घ्यावे, आणि पुढे जमेल तेव्हा तसेच दुसरे. दोन्ही जोडली की भार ४ ओम होतो, अँप अधिक वीज देतो, दोन स्पीकर मिळून अधिक हवा हलवतात आणि एकूण ६ डेसिबलपर्यंत वाढ मिळते. जिने चढताना ओझे दोन्ही हातांत वाटले जाते, हेही काही कमी नाही. एकावर एक ठेवली की वरचे कानाच्या जवळ येते. एकट्या कॅबिनेटचा आवाज बहुधा पोटऱ्यांनाच ऐकू जातो. गणेशोत्सवाच्या किंवा लग्नाच्या मंचावर साउंडवाला बेसची लाइन थेट मिक्सरला घेत असेल, तर कॅबिनेट फक्त तुमच्यासाठी असते. तेव्हा ३ डेसिबलसाठी कंबर मोडून घेऊ नये, सर्वांत हलके असेल ते उचलावे.

माहितीपत्रकात डेसिबलचा आकडाच नसेल, तर आपला अँप आणि आपली गिटार दुकानात न्यावी, अँपच्या आवाजाचे बटण न हलवता दोन्ही कॅबिनेटांवर आळीपाळीने मोकळी ‘ई’ वाजवावी, आणि दुकानदाराने वॅट सांगायला सुरुवात केली तरी वाजवत राहावे.